सात बोटं काच

कल्याणहून सकाळी सातला निघालो तेव्हा माझ्या मोटारसायकलला पुढे वारा अडवायची चौथी काच लावलेली होती. चौथी म्हणजे त्या एका वर्षातली चौथी. पहिली काळी आणि तळहाताएवढी होती. ती दिसायला रुबाबदार होती, पण वारा तिला विचारत नव्हता. दुसरी थरथरायची. तिसरीच्या मागे माझं हेल्मेट असं घुमायचं, की डोक्यावर कोणी परात बडवतंय असं वाटे. प्रत्येक वेळी मी महिना महिना मोबाईलवर व्हिडिओ पाहिले, वहीत तक्ते आखले आणि शेवटी चुकीचीच काच घेतली. चौथ्या वेळी अभ्यास सोडला आणि दुकानात होती त्यातली सगळ्यात उंच उचलली. सोसायटीच्या वॉचमनने ती पाहून विचारलं, "साहेब, रिक्षा घेतली का?" मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही.

बायकोचं, नीलिमाचं, म्हणणं साधं होतं. मुलगी लग्न होऊन गेली होती, मी नोकरीतून मोकळा झालो होतो आणि आता आपण दोघांनी मोटारसायकलवरून किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरीपर्यंत जायचं, असं मी सगळ्या नातेवाइकांत जाहीर करून बसलो होतो. पण मागे बसलं की तिचं डोकं ठणकायचं. रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात तिचा धाकटा भाऊ दिनेश राहतो. निघताना तिने हेल्मेटचा पट्टा आवळत अट घातली.

"दिनेशच्या घरापर्यंत डोकं न दुखता पोचले तर रत्नागिरीला येईन. दुखलं तर तुम्ही एकटे जा. मी परत या गाडीवर बसायची नाही."

मी म्हटलं, "ही काच बघ तरी." ती म्हणाली, "काच तुमच्यापुढे आहे."

या वाक्यात सगळं होतं. पण मी तेव्हा आरसे पुसत होतो.

पनवेल मागे पडलं. मला वारा म्हणून लागत नव्हता. जॅकेटची कॉलरसुद्धा हलत नव्हती, मी तर चक्क शीळ घालत होतो. मागे नीलिमा गप्प होती. गाडीवर बसली की ती कधीच बोलत नाही. ती निसर्ग पाहत असावी, अशी माझी इतक्या वर्षांची समजूत.

पेणच्या अलीकडे हमरापूरला थांबलो. आमच्या घरचा गणपती दरवर्षी इथल्या वनिताताईंच्या कारखान्यातून येतो. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड. पौष महिना होता, तरी ओळीने पांढऱ्या मूर्ती बसल्या होत्या. इथे बाराही महिने गणपतीच. वनिताताई आखणी करतात, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखाटतात. त्यांची एक पद्धत आहे. ब्रश टेकवण्याआधी त्या कोणालातरी मूर्तीसमोर जमिनीवर बसवतात आणि त्या माणसाकडे बघून नजर ठरवतात. आज नीलिमाला बसवलं.

"गणपती चौरंगावर बसतो, मानूस खाली बसतो," त्या म्हणाल्या. "नजर खालच्यावर पडाया हवी. नायतर देव भिताडाकडं बघत रातो दहा दिवस."

मी बाहेर नेऊन त्यांना काच दाखवली. वारा कसा चढतो, कसा वळतो, हे हातवारे करून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, काचेवर टिचकी मारली आणि नीलिमाकडे वळल्या. "काय गो ताय, डोळं लाल झालंत तुझं. पानी घे."

नीलिमा पाणी प्यायली. मी घड्याळ बघितलं, वेळेत होतो.

पुढचा पराक्रम वडखळला झाला. काच इतकी उंच होती की मला तिच्यावरून नव्हे, तिच्यातून बघावं लागत होतं. आणि आदल्या दिवशी ती लखलखीत करावी म्हणून मी भांडी घासायच्या हिरव्या चोथ्याने घासली होती. समोरून ऊन आलं की काचेवर बारीक ओरखड्यांचं जाळं पेटायचं. वडखळच्या नाक्यावरची पाटी मला एक निळा ढग म्हणून दिसली. मी आत्मविश्वासाने उजवीकडे वळलो.

बऱ्याच वेळाने दोन्ही बाजूंना मिठागरं लागली, खारट चिखलाचा वास आला, आणि समोर खाडीत मालाच्या बार्जी उभ्या दिसल्या. खाडीवरचा वारा आडवातिडवा येत होता. रस्त्याकडेला डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक म्हातारा फावड्यावर रेलून उभा होता. मी विचारलं, "काका, रोहा किती लांब?"

"रोहा?" त्याने आधी माझ्याकडे आणि मग काचेकडे बघितलं. "हा धरमतर हाय. रोहा मागं रायला. पाटी नाय दिसली?"

"दिसली होती," मागून नीलिमा म्हणाली. "मी ओरडत होते. यांना ऐकू नाही गेलं."

म्हातारा हसला नाही. नुसता फावड्याने मागची दिशा दाखवून कामाला लागला. तो हसला असता तर बरं झालं असतं.

नागोठणे, भिसे खिंड, मग रोहा. वरसेत दिनेशच्या दारात गाडी थांबली. नीलिमा उतरली, हेल्मेट काढलं आणि पायरीवर दोन्ही हातांनी कपाळ धरून बसली. दिनेशच्या बायकोने आणलेला चहा तसाच राहिला.

"ताई, काय झालं?" दिनेशने विचारलं.

"उद्या मला रोहा स्टेशनवर सोड. मी ट्रेनने जाईन." माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तुम्ही जा हो रत्नागिरीला. मी रागावले नाही."

ती खरंच रागावली नव्हती, आणि मला त्याचंच वाईट वाटलं. राग असता तर समजूत काढता आली असती.

दुपार कलल्यावर दिनेशने पोपटी लावली. पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्डीचा पाला (बांधावर उगवणारं उग्र वासाचं रोपटं), त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, ओवा, मीठ भरायचं, वर पुन्हा पाला कोंबायचा, मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. वारा होता. जाळ एकीकडे झुकत होता. मी वाऱ्याचा जाणकार. गोठ्यामागून एक पत्रा ओढत आणला, वाऱ्याच्या बाजूला उभा केला आणि पडू नये म्हणून स्वतःच पाठ लावून बसलो. मला अगदी ऊबदार वाटत होतं.

जाळाच्या पलीकडे नीलिमा बसली होती. ती खोकायला लागली. सगळा धूर आणि पेंढ्याची राख गरगरत तिच्याच तोंडावर येत होती. ती सरकली, तर तिथेही.

"भावोजी, पत्रा उभा नका लावू," दिनेश म्हणाला. "वारा वरून उडी मारतो नि मागच्यावर पडतो. आडवा करा. बुटका हवा."

मी पत्रा आडवा केला. आता तो गुडघ्याएवढा उरला आणि माझ्या पाठीला गार वारा झोंबू लागला. धूर मात्र सरळ वाट धरून शेतावरून निघून गेला. नीलिमाने डोळे पुसले. तिने पत्र्याकडे पाहिलं, मग अंगणात उभ्या गाडीकडे आणि मग माझ्याकडे.

वर्षभराची माझी वही त्या पत्र्यापुढे शून्य होती. चार काचा घेतल्या, आणि त्यातली एकही घेताना मागच्या सीटवर बसून बघायचं मला सुचलं नव्हतं. मला लाज वाटली. शेंगा फार गोड होत्या, त्या मी सोलून नीलिमापुढे सरकवत राहिलो.

सकाळी मी नीलिमाला म्हटलं, "हमरापूरपर्यंत ये. हळू नेतो. काच कापून घेऊ. तिथून पेणला जाऊन एसटी धर, मी अडवणार नाही." तिने बराच विचार केला आणि ओढणी डोक्याला घट्ट बांधली.

हमरापूरला पोचल्यावर मी वनिताताईंना पोपटीची गोष्ट सांगितली. त्यांनी ब्रश धुतला आणि आम्हा दोघांना उभ्या गाडीवर बसवलं. मी छाती काढून ताठ बसलो.

"असे बसता कधी?" मागून नीलिमा म्हणाली. "पोट सोडा."

मी पोट सोडलं. माझं डोकं चार बोटं खाली आलं. वनिताताईंनी आधी माझी नजर पाहिली, मग मागे जाऊन नीलिमाच्या डोळ्यांच्या पातळीला वाकून पाहिलं, पुन्हा पुढे आल्या आणि एका दमात काचेवर लाल रेघ ओढली. वरच्या कडेपासून सात बोटं खाली. हात हलला नाही.

"दादा, तुमच्या छातीवर वारा येनार," त्या म्हणाल्या.

"येऊ दे," मी म्हटलं.

त्यांच्या यजमानांनी चिकटपट्टी लावून बारीक दातांच्या करवतीने काच कापली. मूर्ती घासायच्या पॉलिशपेपरने त्यांनी कड अशी गुळगुळीत केली, की बोट फिरवलं तरी लागेना. खाली पडलेला तुकडा वनिताताईंनी उचलला. "ह्याच्यावर रंग कालवीन मी." माझ्या वर्षभराच्या संशोधनाचा एवढाच भाग कोणाच्या तरी कामी आला.

पेणची एसटी पकडायला मागे फिरायचं होतं. मी हँडल वळवलं. नीलिमा म्हणाली, "पनवेलपर्यंत बघू."

निघालो. वारा माझ्या छातीत घुसला, बोटं गारठली, डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. शीळ घालायची सोयच नव्हती. आणि तेवढ्यात मागून आवाज आला. दिनेशच्या बायकोने सांगितलेलं काहीतरी होतं, मग मुलीच्या सासरचं, मग डावीकडच्या झाडावर बसलेल्या बगळ्यांचं. मधेच "हळू, पुढे खड्डा आहे." खड्डा होताच. पनवेल कधी गेलं, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. निसर्ग बघत गप्प बसणारी बायको माझी कधी नव्हतीच. आम्ही इतकी वर्षं एका गाडीवरून गेलो आणि तिचं सगळं बोलणं वाऱ्यावर गेलं होतं.

कल्याणला वॉचमनने फाटक उघडलं. काच पाहिली, पण या खेपेला काही बोलला नाही. नीलिमा उतरली. मी इंजिन बंद केलं आणि भीतभीत विचारलं, "डोकं कसं आहे?"

"डोक्याला काही नाही," ती बसक्या आवाजात म्हणाली. "घसा दुखतोय."