क ते ज्ञ, सगळा कांदा आमचा!

माझ्या डी.एड.मुळे आमच्या मामंजींचा कांदा मंचरच्या बाजारात एका सकाळपुरता तीस-पस्तीस परक्या शेतकऱ्यांच्या मालकीचा झाला होता.

ही गोष्ट नव्वदीतली. लग्न होऊन मी महाळुंगे पडवळला नवीनच आले होते. नोकरीचा पत्ता नव्हता, पण आव असा, की अख्ख्या आंबेगाव तालुक्याचं शिक्षण माझ्याचसाठी खोळंबलंय! त्यातच गावात बालवाडी काढायचं ठरलं आणि सरपंच मला विचारायला घरी आले. मी पदर खोचून तयारच होते. पण मामंजी, म्हणजे माझे सासरे धोंडिबा, सुपारी कातरत म्हणाले,

"गावाची पोरं मागनं. आदी घरातली पोरगी वाचती करा. ती वाचाया लागली तर बालवाडी तुमची. न्हाईतर गोठा हायेच."

घरातली पोरगी म्हणजे थोरल्या जाऊबाईंची पिंकी. पहिलीत होती. आवाज असा, की ओढ्यापलीकडच्या बायका धुणं थांबवून वर बघायच्या. पण वाचनाच्या नावानं शिमगा! पुस्तकातल्या 'क'वर मी बोट ठेवायची.

"हे काय गं?"

"फूल!"

"चित्र नाही विचारलं. हे अक्षर कुठलं?"

"त्या फुलाचं!"

मी जाहीर करून टाकलं, "पोळा होऊ द्या, पंधरा दिवसांत पोरगी वाचायला लागली नाही तर नाव बदलीन."

"उचलली जीभ अन् लावली टाळ्याला," जाऊबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. (त्यांचं खरं होतं, पण तेव्हा कोण ऐकतंय!)

माझी पद्धत अशी: चित्र बंद, आधी आवाज. आणि आवाज घरातलेच. 'ख' म्हणजे मामंजींचा पहाटेचा खोकला. 'घ' म्हणजे जात्याची घरघर. 'फ' म्हणजे आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चूल फुंकतात तो. 'ठ' म्हणजे खुंटा ठोकताना येतो तो. 'भ' तर गावातली कुत्री फुकट शिकवत होती. प्रत्येक अक्षर आलं की मी पिंकीच्या पाठीवर थाप मारून सांगायची, "शाबास! जे अक्षर ओळखलंस ते आपलं झालं! कायमचं आपलं!" हे वाक्य मला फार आवडायचं. डी.एड.ला पाठ घेताना हेच म्हटलं की आमच्या मॅडम मान डोलवायच्या.

पोळा झाला आणि कांद्याला भाव आला. बराखीत, म्हणजे आमच्या कांद्याच्या चाळीत साठवलेला माल बाहेर निघाला, गोण्या भरून शिवून झाल्या आणि पडवीत ओळीनं उभ्या राहिल्या. टेम्पो दोन दिवसांनी येणार होता. शेजारच्या गणपतभाऊंचा आणि मारुतीतात्यांचाही माल त्याच टेम्पोत जायचा. म्हणून कुणाच्या गोण्या कुणाच्या ते कळायला प्रत्येकजण गोणीवर आपला मार्का टाकायचा. गणपतभाऊंचा 'ग', मारुतीतात्यांचा 'म' आणि धोंडिबांचा 'ध'.

"सूनबाई, तुमी शिकलेल्या. तेवडा गोण्यांवर 'ध' काढून ठेवा," मामंजी म्हणाले.

इथं माझं डी.एड. उफाळून आलं! एवढ्या गोण्यांवर एकच 'ध'? एवढ्या पाट्या आयत्या उभ्या असताना? मी प्रत्येक गोणीवर एकेक व्यंजन काढायला घेतलं. खडू काही तागावर उठेना, म्हणून बैलांच्या शिंगांना लावून उरलेला लाल ऑइलपेंट घेतला आणि 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत सगळी फौज उभी केली. उरलेल्या चार-दोन गोण्यांवर पिंकी चुकायची ती अक्षरं परत काढली. सगळ्यांवर 'ध' टाकू की टेम्पो यायच्या दिवशी, मागच्या बाजूनं! घाई काय आहे?

पिंकीला तर जत्राच वाटली. या गोणीवरून त्या गोणीवर उड्या मारायची, 'ख'वर खोकायची, 'फ'वर फुंकायची, 'भ'वर भुंकायची. संध्याकाळपर्यंत पोरीला पुढून, मागून, मधूनच कुठलंही अक्षर विचारा, बिनचूक! मला इतका आनंद झाला, की मी मनातल्या मनात बालवाडीच्या पोरांची हजेरीसुद्धा घेतली.

दुसऱ्या दिवशी उठून बघते तर पडवी मोकळी!

"आत्याबाई, गोण्या कुठायत?"

"गेल्या की मंचरला. भाव आजच लई चांगला हाय म्हनं. तुमच्या मामंजींनी अंधारातच टेम्पो बोलावला. पिंकी बी गेलीया जिलेबी खायला."

"आणि मार्का?"

"त्यो तुमी कालच काढला न्हवं? त्ये म्हनलं, सूनबाईनं लई ठसठशीत काढल्यात अक्षरं. त्यास्नी कुटं वाचाया येतंय!"

आमचे हे दात घासत होते. त्यांना तसंच फटफटीवर बसवलं आणि म्हटलं, "मंचर! काय झालं ते वाटेत सांगते." वाटेत सांगितलं. ते एवढे हसायला लागले, की दोनदा फटफटी चारीत जाता जाता राहिली.

मार्केटात जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. मामंजी टेम्पोतून उतरून पिंकीला घेऊन जिलेबीच्या गाड्यावर गेले होते आणि हमालांनी मार्का बघून माल उतरवला होता. आमच्या 'ग'ची गोणी गणपतभाऊंच्या थप्पीवर आणि 'म'ची मारुतीतात्यांच्या. ब, स, र, प यांना तर मार्केटभर जातभाई मिळाले होते! ज्यांना कुणीच मिळालं नाही ते ङ आणि ञ रस्त्याच्या कडेला बेवारस पडले होते. आणि या सगळ्यात मामंजी 'ध'च्या एकुलत्या एका गोणीशेजारी उभे होते.

"मुकादम, आरं बराख रिकामी करून आलोय मी! माझा माल एक गोणी कसा?"

"बाबा, मार्का असंल तशीच थप्पी लावली. मलाबी वाटलं, आज एका टेम्पोत एवडं शेतकरी कसं काय आलं? अन् एकेकाची एकच गोणी?"

मी पुढं झाले. बोलायला तोंड उघडलं, पण त्यातून एकही व्यंजन बाहेर पडेना! शेवटी ह्यांनीच बापाला सगळं सांगितलं. मामंजींनी माझ्याकडं फक्त एकदा बघितलं. त्या नजरेत मला बालवाडी दिसली नाही, गोठा मात्र स्वच्छ दिसला.

तेवढ्यात पिंकी ओरडली, "आबा, मी सांगते की! मला सगळी येत्यात!"

आणि पोरगी सुटली! गणपतभाऊंच्या थप्पीवर चढली, "ग! आमची!" मारुतीतात्यांच्या थप्पीवर, "म! आमची!" आमचे हे मागोमाग गोण्या ओढायला. मला वाटलं, देव पावला! पण पिंकी थांबेचना. पलीकडच्या गाळ्यात गेली, "ब! आमची! ही पण ब! ही पण! सगळ्या आमच्या!"

"ए पोरी, उतर खाली!" एक मिशीवाले काका धावत आले. "माझा माल हाय त्यो. बबन नाव हाय माझं!"

"असू द्या! 'ब' आमचाय. काकीनं सांगितलंय, वळाखलं की आपलं झालं! कायमचं!"

सगळ्या मार्केटानं काकीकडं बघितलं. काकीनं पदर डोक्यावरून नाकापर्यंत ओढला.

पण तोवर पोरगी आणखी तीन गाळे ओलांडून गेली होती. एका गोणीवर 'ख' बघून ती हुबेहूब मामंजींसारखी खोकली. लोक आधी चिडले, मग हसले, मग माल सोडून तिच्या मागं फिरायला लागले. कुणी मुद्दाम आपली गोणी दाखवायचं, "आन हे गं काय?" ती वाचायची आणि लगेच मालकी सांगायची. कुणाचे दोन अक्षरांचे मार्के होते, तेही तिनं अक्षर जुळवून जुळवून वाचले आणि तेही आमच्याच नावावर केले. तासाभरात मंचरचा सगळा कांदा आमचा झाला होता आणि आमचा कांदा मात्र सापडत नव्हता. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते हेच!

शेवटी मुकादम वैतागला. "वैनी, बास करा ही शाळा! लोकांचं मार्कं निळ्या शाईचं हायेत, तुमचं लाल. लाल तेवड्या गोण्या एकीकडं घ्या रं पोरांनो!"

एवढं साधं! मला सुचलं नव्हतं. (आम्हाला डी.एड.ला रंग हा वेगळा विषय होता.) हमालांनी पटापट लाल गोण्या गोळा केल्या. रंग ओलाच होता, त्यामुळं एकाच्या पाठीवर उलटा 'ट' आणि दुसऱ्याच्या पाठीवर उलटा 'ळ' उमटला होता. लिलाव उशिरा झाला, पण माल चांगला होता, भाव चांगलाच मिळाला.

घरी येईपर्यंत मामंजींनी परत माझ्याकडं बघितलं नाही. जेवतानाही ताटातच बघत राहिले. आता सांगणार, बालवाडी विसरा, या भीतीनं मी भरलेलाच तांब्या परत परत भरत होते. पिंकी वाचायला लागली होती हो, खरंच लागली होती, आणि ते सांगायची सोय मीच ठेवली नव्हती!

हात धुऊन मामंजी पायात वहाणा घालून बाहेर गेले. आले ते सरपंचांना घेऊनच.

"सूनबाई, उद्यापास्नं बालवाडी तुमच्याकडं. सकाळपास्नं सांजच्यापातूर चालवा."

मी पदर सावरून पुढं झाले. "मामंजी, म्हणजे पिंकीचं वाचन बघून तुम्ही..."

"पिंकीचं ऱ्हाऊ द्या," मामंजी म्हणाले. "परवा बटाट्याच्या गोण्या भरायच्यात. तवा तुमी घरात नकोत."

गावच्या पोरांना शिकवावं म्हणून नेमलेल्या बाया पुष्कळ असतील. बटाट्यापासून लांब राहावं म्हणून नेमलेली बाई मी एकटीच!