पाहुणे वजा जाता

माझ्या धाकट्या भावानं दहावीचं गणित दुसऱ्या खेपेला काढलं, आणि तेही माझ्या जिवावर. त्यामुळे त्यानं माझ्याच घराच्या तळमजल्यावर गेमिंग क्लब उघडला आणि दारावर हातभर लांब इंग्रजी नाव रंगवून घेतलं, तेव्हा मी एवढंच विचारलं, "ह्यातला एक तरी शब्द तुला न बघता लिहिता येतो का?" त्याला राग आला. रागात असला की तो मला मॅडम म्हणतो. एरवी आक्का.

घर माझं. तीस वर्षं परभणीच्या पोरांना त्रैराशिक शिकवून बांधलेलं. वर मी राहते, खाली क्लब. भाडं मी मागितलं नाही आणि त्यानं दिलं नाही. सख्ख्या भावाकडून भाडं घेणारी बाई म्हणून गावात मिरवायची माझी हिंमत नव्हती, हे आता लिहिताना कबूल करते. तेव्हा मी त्याला मोठं मन म्हणत होते.

क्लबचे तीन भाग. रस्त्याकडचा हॉल, त्यात बारा कॉम्प्युटर, दोन कुलर, ताशी तीस रुपये. हा साधा झोन. मधे गोल्ड झोन, ताशी साठ. सोन्यासारखं तिथं फक्त खुर्च्यांचं पिवळं रेक्झिन होतं. आणि सगळ्यात आत व्हीआयपी झोन, ताशी एकशेवीस. तिथं एसी, सोफे, भिंतीएवढे टीव्ही आणि लग्नाच्या मांडवात असतात तसले निळे दिवे. भाऊ दिवसभर आत. बाहेर काउंटरवर त्याची बायको, म्हणजे माझी भावजय.

तिचं आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच येणार होतं. लग्नानंतरची बारा वर्षं तिनं ओट्यापुढं काढली. काउंटरवर ती बसली ती केवळ पगारी माणूस परवडत नव्हता म्हणून. दोन वर्षांत तिनं तो हॉल असा चालवला की आमच्या मुख्याध्यापकांनी येऊन शिकावं. झरीहून एसटीनं आणि चुडाव्याहून रेल्वेनं क्लासला येणारी पोरं मधला रिकामा वेळ तिथं घालवायची, आणि कुणाची गाडी किती वाजता हे हिला पाठ. "ए झरीवाल्या, गाडी लागली असंल तुजी, ऊठ." पोरानं शिवी दिली की मशीन बंद, मग तो कुणाचाही कोण असो. गल्ल्याची किल्ली तिच्या कमरेला असायची. पूर्वी ती माझ्याशी बोलताना जमिनीकडं बघायची. आता तोंडाकडं बघून बोलायला लागली होती, आणि खरं सांगायचं तर मला ते सुरुवातीला जरा जडच गेलं.

मग भावानं मोबाइलवर कुणा कोटवाल्याचा व्हिडिओ बघितला. कोटवाल्याचं म्हणणं असं, की दर झोनमध्ये एका गिऱ्हाइकामागं किती उत्पन्न येतं ते मोजा, आणि जिथं कमी येतं तो झोन बंद करा. उंटावरचा शहाणा बरा, त्याच्यापाशी निदान उंट तरी असतो.

"आक्का, धंदा आता डोक्यानं करायचा हाय," भाऊ वर येऊन म्हणाला.

"कुणाच्या?"

"तुज्या. तू आकडे काढून दे. साधा झोन खाली आला तर मधली भिंत पाडून सगळं व्हीआयपी करून टाकतो. काउंटरला नांदेडची एक पोरगी बघून ठेवलीय, फाडफाड इंग्रजी बोलती. मंग हिला बी आराम. लय केलं हिनं."

भावजय चहा घेऊन उभी होती. तिनं कप ठेवला आणि म्हणाली, "आराम म्हंजे पुन्हा ओटाच की."

भाऊ हसला. मी हसले नाही, पण काही बोललेही नाही. आकडे म्हटले की माझ्या हाताला खाज सुटते, आणि त्या क्षणी मला तिच्यापेक्षा रजिस्टरच जास्त दिसत होतं.

अर्ध्या तासाचं काम. एका आठवड्याचं रजिस्टर घेतलं, प्रत्येक झोनची रक्कम वर, गिऱ्हाइकांची संख्या खाली, भागाकार. साध्या झोनमध्ये दोनशे दहा गिऱ्हाइकं आणि बारा हजार सहाशे रुपये, म्हणजे डोई साठ. गोल्डमध्ये डोई शंभर. व्हीआयपीत चौदा गिऱ्हाइकं आणि तीन हजार तीनशे साठ रुपये, म्हणजे डोई दोनशे चाळीस. उत्तराखाली मी दोन रेघा मारल्या आणि सही केली. भावानं त्या कागदाचा फोटो काढून आपल्या स्टेटसला लावला आणि पुढच्या सोमवारचा गवंडी सांगून टाकला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माझं गणित एका फटक्यात मान्य केलं होतं. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी भावजय वर आली. रडली नाही, भांडली नाही. "आक्का, गणित तुमचं बरोबरच असंल. पण तुमाला सुट्टी हाय, तर आठ दिवस आतल्या खोलीत येऊन बसा की. गार बी हाय."

मे महिना होता. परभणीच्या मेमध्ये गार खोलीचं आमंत्रण कुणी नाकारत नाही, हे त्या खोलीत गेल्यावर मला चांगलंच कळलं.

दुपारी बारापासून माणसं यायला लागायची. एक होते भावी नगरसेवक. गेली कित्येक वर्षं ते भावीच आहेत. त्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर माझ्या भावाचा फोटो चौथ्या ओळीत होता, तेवढ्यावर ते सोफ्यावर हक्कानं आडवे व्हायचे. एक बियाण्यांचे दुकानदार, त्यांना खेळता येत नव्हतं, ते डोळ्यांवर रुमाल टाकून घोरायचे. एक गृहस्थ येलदरीचे. त्यांनी मागं कधीतरी धरणातले मासे पिशवीभर आणून दिले होते, आणि त्या एका पिशवीवर ते पावसाळ्यापासून गाडी पळवण्याचा खेळ खेळत होते. भावाच्या मेव्हण्याचे मित्र, त्या मित्रांचे मित्र. सगळ्यांना चहा. चहा आणायचा काउंटरवरून, म्हणजे भावजयीनं. माझा मुलगा पुण्याहून सुट्टीला आला होता, तोही रोज दुपारी दोन तास तिथंच असायचा. मला थंडी वाजायला लागली की तोच उठून एसी जरा कमी करायचा.

पैसे देऊन खेळायला दिवसाकाठी दोघं यायचे. त्यांना बऱ्याचदा कोपऱ्यातलं स्टूल मिळायचं.

पहिल्याच दिवशी मी भावाला विचारलं, "ही बाकीची मंडळी रजिस्टरात कुठं आहेत?"

"कोन मंडळी?"

"ही. सोफ्यावरची."

त्यानं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की जणू मी देवघरात चपला घालून शिरले. "आक्का, पाहुणे हायेत ते. पाहुण्याला कुणी गिऱ्हाईक लिवतं का? इज्जत काय ऱ्हाईल आपली?"

हा होता त्याचा सगळा हिशेब. माणूस ओळखीचा निघाला की तो गिऱ्हाईक राहत नाही. त्याच्याकडून पैसे मागायचे नाहीत, आणि त्याचं नाव लिहिणं म्हणजे तर त्याचा अपमान. त्यामुळे आतली खोली जितकी फुकट्यांनी भरेल तितकी भागाकारात ती श्रीमंत दिसणार. हॉलमधल्या पोरांत पाहुणा म्हणावं असं कुणी नव्हतं, म्हणून ती बिचारी एकूण एक मोजली गेली. आणि त्या भागाकारावर सही माझी. तीस वर्षं मी पोरांना सांगत आले, की उदाहरण सोडवण्याआधी वाचा. मी स्वतः वाचलं नव्हतं. सही करायची घाई झाली होती.

मग मी सात दिवस डोकी मोजली. जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर, शाळेत मोजते तशीच. पाहुणा असो, मित्र असो, घोरणारा असो, पैसे देणारा असो, खोलीत येऊन टेकला की एक रेघ. आठवड्याअखेर रेघा झाल्या चौऱ्याऐंशी. जमा तेवढीच, तीन हजार तीनशे साठ. डोई चाळीस रुपये बरोबर. उत्तर पूर्णांकात आलं की शिक्षकाला वाटतं, गणित बरोबर असणारच. साध्या झोनच्या साठ रुपयांखाली व्हीआयपीचे चाळीस, आणि एसीचं वीजबिल अजून लावलेलंही नाही.

रविवारी मी भावाला आणि भावजयीला वर बोलावलं आणि कागद पुढं केला. दुसऱ्या दिवशी गवंडी येणार होता.

भावानं कागद वाचला. त्याचे कान लाल झाले. "मॅडम," तो म्हणाला, "तुमी माज्या पाहुण्यांच्या रेघा मारल्या? रेघा?"

"तुझे पाहुणे तुझा हॉल खायलेत. भिंत पाडलीस तर दोनशे पोरं जातील आणि हे आणखी पाय पसरतील."

"धंद्यात संबंध लागतेत. तुमाला मास्तरकीत काय कळतंय? भिंत उद्या पडनार म्हंजे पडनार."

त्याच्यापुढं आकडे म्हणजे गाढवापुढं वाचली गीता. मी आवाज चढवणार तेवढ्यात भावजय कागदाकडं बघत म्हणाली, "आक्का, चौऱ्याऐंशी न्हाईत. एक्क्याण्णव हायेत."

माझ्या मोजणीला आजवर कुणी हात लावलेला नाही. "मी स्वतः मोजलेत," मी म्हणाले.

"पोरगं ऱ्हायलं की तुमचं. सात दिवस, रोज दोन तास. मी चहा नेऊन द्यायली होते ना."

मी हजेरीपट काढला. खरंच नव्हता. येलदरीच्या माशांची रेघ होती, घोरणाऱ्या दुकानदाराची होती, माझा मुलगा कुठंच नव्हता. मी त्याला मोजायचं टाळलं नव्हतं. तो मला दिसलाच नव्हता. आपला तो बाब्या.

भावजयीनं कमरेची किल्ली सारखी केली आणि पिशवीतून पावतीपुस्तक काढलं. "संबंधावर पैसे मागायला ह्यांना लाज वाटती, मला कळतंय. तर पहिली पावती घरातूनच फाडते. मंग बाकीच्यांना मागता येईल. चौदा तास झाले, सोळाशे ऐंशी."

आणि माझ्या तोंडातून निघालं, "अगं, घरच्या पोराकडून पैसे घेतेस? लोक काय म्हणतील?"

भावाच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. दहावी पास झाल्यावरही तो इतका खूश झाला नव्हता. भावजय हसली नाही. ती पेन धरून उभी राहिली, आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ह्या घरातून दुसरं काही येईल अशी तिनं अपेक्षाच ठेवली नव्हती, असं मला वाटलं, आणि त्याची शरम वाटून मी पैसे काढायला कपाटाकडं गेले.

मी सोळाशे ऐंशी मोजून दिले. तिनं ते पुन्हा मोजून घेतले.

सोमवारी ती सकाळीच आतल्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसली. येईल त्याला पावतीपुस्तकाची पहिली स्थळप्रत दाखवायची. "आक्कांनी बी दिलेत बगा. घरच्या असून." भावी नगरसेवकांना अचानक बैठक आठवली. येलदरीच्या गृहस्थांनी माशांचा विषय काढला. तिनं त्या माशांचा त्या दिवसाचा बाजारभाव सांगितला आणि ते वजा करून बाकी मागितली. बुधवारपर्यंत सोफे रिकामे झाले. गवंडी येऊन चहा पिऊन परत गेला, कारण भाऊ म्हणाला, आज दिवस चांगला न्हाई. तो दिवस नंतर कधी चांगला निघाला नाही. हॉल आहे तिथंच आहे, आणि काउंटरही.

भाऊ पुढं महिनाभर तोंड पाडून होता. रस्त्यात पूर्वी दहा जण हात करायचे, आता दोन करतात, असं तो म्हणतो. मी त्याला सांगितलं, की दहानं भागण्यापेक्षा दोननं भाग, उत्तर मोठं येईल. तो मला अजून मॅडम म्हणतो. माझा मुलगा सुट्टीचे दोन दिवस बाकी असतानाच पुण्याला निघून गेला.

पावती माझ्याकडं आहे, टेबलाच्या काचेखाली. गिऱ्हाइकाचं नाव ह्या रकान्यात भावजयीनं माझ्या मुलाचं नाव लिहिलेलं नाही. 'आक्का' असं लिहिलंय, ठळक, दोनदा गिरवून. पेपर तपासायला बसले की नजर तिथं जाते आणि राग येतो. पैशांचा नाही. 'लोक काय म्हणतील' हे वाक्य मी माझ्या भावाच्या आवाजात बोलले, आणि तो ते ऐकायला समोर बसलेला होता, ह्याचा.