मोजणीची तिपाई आणि क्रौंच

तीन पायांची वस्तू माणसाला दगा देत नाही, असं मी आयुष्यभर मानत आलो. (चार पायांच्या खुर्च्यांनी दिला, दोन पायांच्या माणसांनी तर वारंवार दिला. तिपाईनं कधी नाही.) पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो आणि तिपाईमागे एक डोळा मिटून उभा राहता राहताच निवृत्त झालो. त्यामुळे आमच्या घरात तिपाई घ्यायची वेळ आली, तेव्हा मी छाती काढून म्हणालो, "हे काम माझ्यावर सोपवा."

आता आठवलं तरी दमायला होतं.

तिपाई हवी होती सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला. शाळेतून निवृत्त झाली आणि तिला पक्ष्यांचं वेड लागलं. (मला वाटलं होतं, आता दोघं निवांत बसून चहा पिऊ. कसलं काय!) हिवाळ्यातल्या दर रविवारी अंधारातच नाशिकहून निघायचं, निफाड तालुक्यात तिचे मोठे भाऊ अण्णा राहतात त्या गावी पोचायचं आणि गोदावरीच्या पाणथळीच्या बांधावर डोळ्यांना दुर्बीण लावून उभं राहायचं. यंदा तिथं क्रौंच उतरले होते. पण इतके लांब, की दुर्बिणीतून नुसते राखाडी ठिपके. त्यात संक्रांतीनंतर सुनंदाच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं. मग पुढचे काही महिने बांध बंद.

"एकदा, फक्त एकदाच मला ते नीट बघायचेत," ती म्हणायची. "त्यांच्या डोक्यावर लाल टिळा असतो म्हणे."

जर्मनीतल्या आमच्या लेकीनं हे ऐकलं आणि तिथल्या एका सहकाऱ्याचा जुना स्पॉटिंग स्कोप पाठवून दिला. सहकारी शिकारी होता. डोंगरातली हरणं लांबून हेरायला तो हा स्कोप वापरायचा. वस्तू झकास! आकारानं दुधी भोपळ्याएवढी, वजनाला दोन भोपळ्यांएवढी आणि साठपट मोठं दाखवणारी. हातात धरून बघितली तर समोरच्या इमारतीच्या गच्चीवर भूकंप झालेला दिसायचा.

"बाबा, याला भक्कम तिपाई लागते," लेक फोनवर म्हणाली. "आणि तिपाईवर बसवायचं डोकं वेगळं घ्यावं लागतं. डोकं नीट निवडा हं."

"डोक्याचं मी बघतो," मी म्हणालो.

माझ्या शेजारून सुनंदा म्हणाली, "मला तिथंच काळजी वाटते."

कॉलेज रोडच्या कॅमेऱ्याच्या दुकानातल्या बाई फार समजूतदार होत्या. त्यांनी स्कोप हातात घेतला, तोलला आणि म्हणाल्या, "काका, हा पुढून जड आहे. याला फ्लुइड हेड घ्या. दांडा धरून हळूहळू फिरवता येतं, सोडलं की तिथंच थांबतं. बॉल हेड नको. ते फोटोवाल्यांचं. गोळा सैल झाला की सगळं कलंडतं."

"आणि तिपाई?"

"ही बघा. कार्बनची. हलकी."

हलकी! मी ती एका बोटानं उचलली आणि मला तिची कीव आली. वाऱ्यात उडून जाईल अशी वस्तू, हिला का तिपाई म्हणायचं? मी बाईंना पाऊण तास तिपाई या विषयावर माहिती दिली. त्यांनी ती ऐकून घेतली. मग दमून मीच बॉल हेड उचललं, कारण ते छोटं होतं, देखणं होतं आणि त्याला एकच स्क्रू होता. माझा अनुभव असा, की जितके स्क्रू कमी तितका मनस्ताप कमी. (हा अनुभव त्याच महिन्यात संपला.)

तिपाई मी बागूलकडून आणली. बागूल माझा जुना सहकारी, आता खासगी मोजणीची कामं करतो. त्याच्याकडे लेव्हल मशीनची लाकडी तिपाई माळ्यावर पडून होती. पिवळी धमक! पायांना लोखंडी टोकं. अंगणात रोवली तर वीज पडली तरी हलणार नाही. तिचा स्क्रू बॉल हेडला बसेना, म्हणून अंबडच्या एका लेथवाल्याकडून पितळी जोड करून घेतला. त्यासाठी चार खेपा. पहिला जोड सैल, दुसरा घट्ट, तिसरा त्याच्याकडूनच हरवला. चौथा बसला तेव्हा संक्रांतीला बारा दिवस उरले होते.

"अहो, दुकानातली सरळ घेतली असती तर मी एव्हाना पंधरा दिवस क्रौंच बघत असते," सुनंदा म्हणाली.

"पण ती हलली असती."

"आणि ही उचलणार कोण?"

हा प्रश्न बरोबर होता. बांधावरून पाऊण किलोमीटर ती पिवळी तिपाई खांद्यावर घेऊन चालताना मी तीनदा बसलो. शेवटी अण्णांनी ती माझ्याकडून काढून घेतली. "दाजी, द्या इकडं. तुमचा श्वास क्रौंचांना ऐकू जाईल."

बांधावर मी तिपाई रोवली, डोकं बसवलं, डोक्यावर स्कोप चढवला. बांधाच्या खाली द्राक्षबाग, बागेपलीकडे पाणथळ, तिथं धुक्यात क्रौंच. आधी फोकस जुळवून घ्यावा म्हणून मी अण्णांना म्हणालो, "तुम्ही जरा बांधाच्या त्या टोकाला जाऊन उभे राहता का? खूण म्हणून हातात काहीतरी उभं धरा."

अण्णा भला माणूस. बागेतला एक बांबू उचलला आणि तिकडे जाऊन तो सरळ उभा धरून राहिले. मी एक डोळा मिटला, आणि हात आपोआप हलायला लागला. डावीकडं... अजून... थोडं उजवीकडं... बास! इतक्या वर्षांची सवय. हात काही निवृत्त झाला नव्हता. काचेवर उन्हाची तिरीप येत होती म्हणून सुनंदानं माझ्या डोक्यावर छत्री धरली. दुसऱ्या हातात वही धरून ती बदकं मोजत होती आणि मास्तरणीच्या खणखणीत आवाजात आकडे म्हणत होती, "एकशे चौदा... एकशे पंधरा..."

आता हे सगळं लांबून कसं दिसत असेल, याचा विचार आम्हा तिघांपैकी एकानंही केला नाही. त्या भागातून मोठा रस्ता जाणार अशी कुजबुज कित्येक दिवस चालू होती. आणि गावानं काय बघितलं? पिवळी तिपाई, छत्रीखाली साहेब, गट नंबर लिहून घेणाऱ्या बाई, आणि टोकाला बांबू धरून गावचाच माणूस!

दहा मिनिटांत बांधावर वीसेक माणसं जमली. सगळ्यांत पुढे मंदाकाकू. खालची द्राक्षबाग त्यांची. नवरा गेल्यापासून ती बाग त्यांनी एकटीनं उभी केलेली, आणि माल तोडणीला आलेला. त्या माझ्यासमोर आल्या आणि तिपाईच्या पुढे मातीत मांडी घालून बसल्या.

"न्या रस्ता! आधी माझ्या अंगावरून न्या!"

"मावशी, अहो, आम्ही पक्षी बघतोय," मी म्हणालो.

"पक्षी बघायला मोजणीची तिपाई लागती व्हय? मला काय कळत नाय? माझ्या सासऱ्याची जमीन कालव्यात गेली, तवा हीच तिपाई आलती!"

(कालवा आमच्याच खात्याचा.)

तेवढ्यात अण्णा बांबूसकट धावत आले. तो बांबू टाकून आले असते तरी बरं झालं असतं!

"अण्णा, तुम्ही?" एकजण ओरडला. "तुम्ही बी फितूर झाला?"

"अरे, हे माझे दाजी हायेत!"

"म्हंजे घरचंच सरकार हाय!"

अण्णांचा चेहरा पडला. ते सोसायटीचे संचालक; गावात त्यांच्या शब्दाला मान. तो मान माझ्या पिवळ्या तिपाईपायी बांधावरून घसरत खाली चालला होता. आता मलाही कळेना, हसावं की घरी जावं. शेवटी मी म्हणालो, "तुम्ही स्वतःच बघा ना यातून. क्रौंच दिसतील. मग तर पटेल?"

मंदाकाकू उठल्या, पदर खोचला आणि स्कोपला डोळा लावला. मी निश्चिंत झालो. आणि त्याच क्षणी बॉल हेडनं, दुपारच्या मीटिंगमधल्या साहेबासारखी, हळूच मान टाकली. क्रौंचांवर लावलेला स्कोप निःशब्दपणे खाली आला.

मंदाकाकू किंचाळल्या, "ही तर माझी बाग हाय! घड न् घड दिसतोय! घड मोजत्यात हे मेले!"

पुढच्या गोंधळाचं वर्णन करण्याचं त्राण माझ्यात नाही. तिपाई जप्त करून देवळाच्या पारावर नेण्यात आली. 'मी मोजणीला आलो नाही' असं लेखी दिल्याशिवाय ती मिळणार नाही, असं ठरलं. मी खाली बसून सुनंदाच्या वहीच्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहून दिलं, आणि खाली सही केली. सहीखाली हाताला सवय म्हणून हुद्दाही लिहिला: कनिष्ठ अभियंता.

वाचणाऱ्यानं तो मोठ्यानं वाचला.

मग मात्र सुनंदा पुढे आली. तिनं ते पान फाडलं, स्कोप पारावरच्या तिपाईवर चढवला, गोळा कलंडू नये म्हणून दोन्ही हातांनी स्कोप घट्ट धरला आणि वर्गात म्हणायची तशी म्हणाली, "एका ओळीत उभे राहा. गडबड नको. काकू, तुम्ही पहिल्या."

पारावरून पाणथळ स्वच्छ दिसत होती. मंदाकाकूंनी संशयानं डोळा लावला, आणि बराच वेळ काढलाच नाही.

"अगं बया," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "याच्या डोक्याला कुंकू हाय की!"

मग अख्ख्या गावानं क्रौंच बघितले. तास-दीड तास सुनंदा त्या दुखऱ्या गुडघ्यावर उभी राहून स्कोप धरून होती. शेवटचा माणूस बाजूला झाला तेव्हा तिनं मला स्कोप धरायला सांगितलं आणि स्वतः वाकली. त्याच वेळी खालून कुणाचा तरी ट्रॅक्टर सुरू झाला आणि क्रौंच उठून गेले.

ती काही बोलली नाही. परतीच्या वाटेवर पिंपळगावला चहा घेतला, तेव्हाही बोलली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात मला तिच्या बोलण्याची भीती कधी वाटली नाही. त्या दिवशी न बोलण्याची वाटली.

दुसऱ्या दिवशी ती एकटी रिक्षानं कॉलेज रोडला गेली आणि कार्बनची तिपाई व फ्लुइड हेड घेऊन आली. निवड करायला तिला दहा मिनिटं लागली. "त्या बाईंनी विचारलं, काका बरे आहेत ना," एवढंच तिनं सांगितलं.

पुढच्या रविवारी मी बांधावर गेलो नाही. अण्णांनीच प्रेमानं सुचवलं होतं, की मी काही दिवस घरी आराम करावा. दुपारी सुनंदा आली ती दारातूनच बोलत. मंदाकाकूंनी तिच्यासाठी बांधावर खुर्ची आणून ठेवली होती. क्रौंच तिनं पोटभर बघितले. लाल टिळा बघितला, पिल्लाला चोच लावून उठवणारी आई बघितली. सांगता सांगता तिचे डोळे भरून आले. माझेही आले; मी ते थकव्यावर ढकललं.

एवढ्यात बेल वाजली. दारात अण्णांच्या शेजारच्या गावचे दोन शेतकरी, हातात द्राक्षांची मोठी पेटी. माझा पत्ता त्यांनी कुठून काढला, देव जाणे.

"साहेब," त्यातले थोरले हात जोडून म्हणाले, "त्या गावाला रस्ता नको असंल तर राहू द्या. आमच्या माळावरून न्या. सगळा खडक हाय, पिकत काय बी नाय; मोबदला तरी मिळंल. तुम्ही फक्त तुमची तिपाई घेऊन एकदा येऊन जा."

मी त्यांना परोपरीनं समजावलं, चहा पाजला, पेटीसकट परत पाठवलं. दार लावून मी खुर्चीत बसलो. उभ्या नोकरीत खरे कालवे, खरे पाट आखले; कुणी कधी एक लिंबू घेऊन आलं नाही. लाच देण्यालायक साहेब म्हणून मला पहिल्यांदा कुणी ओळखलं, ते निवृत्तीनंतर, आणि तेही नसलेल्या रस्त्यासाठी!