गच्चीवरची बांधी

फुलचूरला आमची तीन मजली बिल्डिंग आहे आणि तिचा सेक्रेटरी मी, लीलाधर. म्हणजे शिव्या खायचा मान माझा. तिसऱ्या मजल्यावर, थेट गच्चीखाली, केशोराव कापगते आणि त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई राहतात. एक खोली, एक हॉल आणि वळायला जागा नाही असं स्वयंपाकघर. अर्जुनीकडची शेती विकून त्यांनी हा फ्लॅट घेतला, तो एकाच कारणासाठी. मनकर्णाबाईंना बीपी आहे आणि दवाखाना इथून पायी दहा मिनिटांवर.

पण उन्हाळ्यात त्या घराची भट्टी व्हायची. कूलर गरम वारा फेकायचा आणि विजेचं बिल तेवढं वाढवायचा. दुपारी बाईंच्या डोळ्याला डोळा लागेना, बीपी उतरेना. डॉक्टर म्हणाले, गारव्यात ठेवा. एसी पेन्शनीत बसेना. शेवटी फ्लॅट विकून गावी परतायचं ठरलं, दवाखाना दुरावला तरी चालेल म्हणून. हिमांशू नावाचं एक गिऱ्हाईक आलं, पंख्याखाली उभं राहून घाम पुसत म्हणालं, "काका, ये तो तवा है," आणि भाव पार खाली पाडून गेलं.

केशोराव कोहळी, म्हणजे पिढ्यानपिढ्या तलाव बांधणाऱ्या समाजाचे. गावचा तलाव त्यांच्या पूर्वजांनी बांधलेला. पाणी दिसलं की ते अडवायचं, हे त्यांच्या हातांनाच ठाऊक. एका सकाळी मला न विचारता त्यांनी गच्चीच्या पाइपाला बोळा मारला, कडेनं मातीची पाळ घातली आणि चार बोटं पाणी भरलं. रोवणीला तयार, बांध घालून पाणी साठवलेली धानाची बांधीच ती. मी वर गेलो आणि भडकलो.

"काऊन भडकून राहिले?" ते शांतपणे म्हणाले. "ऊन पान्यावर पडते, घरावर नाही पडत."

चार दिवस घर खरंच थंड राहिलं, हे मला नाइलाजानं कबूल करावं लागतं. पाचव्या दिवशी छतातून थेंब थेंब पाणी बिछान्यावर पडायला लागलं.

मनकर्णाबाईंनी गादी गुंडाळली. "तुमच्या आज्यानं मातीवर तलाव बांधला होता," त्या म्हणाल्या. "माती फुगते, भोक बुजवते. सिमेंट कायले बुजवन?"

केशोरावांनी बोळा काढला आणि ओसरतं पाणी बघत दिवसभर गच्चीवर उकिडवे बसले. संध्याकाळी मला बोलावून त्यांनी केसाएवढी भेग दाखवली. पाणी तिथंच मुरत होतं. भेग जुनीच होती. पावसाळ्यात तिनं सगळं छत खाल्लं असतं आणि मला पत्ता लागला नसता. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा मनापासून चहा पाजला.

भेग बुजवली. मग पाणी अडवायचा नाद सोडून, ऊन वरच्यावर परतवायला त्यांनी सगळ्या गच्चीला चुन्याचे तीन हात मारले. बादल्या मी उचलल्या, सेक्रेटरी असून. दुपारी गच्चीकडे बघवेना, इतकी ती पांढरी झाली.

पुढच्या आठवड्यात हिमांशू मुद्दाम दुपारी दोनला आला, म्हणजे भाव आणखी पाडता येईल. मीही मागोमाग वर गेलो. दारातच केशोरावांनी ओठावर बोट ठेवलं. हॉलमध्ये कूलर बंद, नुसता पंखा. हिमांशूनं चपला काढल्या, फरशीवर पाय टेकले, भिंतीला हात लावून पाहिला आणि एसी कुठं आहे ते शोधत राहिला. मग हळूच म्हणाला, "काका, आपने जो बोला था, वही देता हूँ."

केशोरावांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. मनकर्णाबाई पदर तोंडावर घेऊन घोरत होत्या. मार्चपासूनची ही त्यांची दुपारची पहिली गाढ झोप.

"भाव बराबर आहे, बापू," केशोराव कुजबुजले. "पन ती झोपून राहिली. आता तिले उठवून कुठं नेऊ?"

माझा जीव भांड्यात पडला. हिमांशूनं एकदा आत डोकावून पाहिलं आणि आवाज नको म्हणून चपला हातात घेऊनच जिना उतरला.