मशीनला माझा डी कळेना

मनगटाचं प्लास्टर निघालं तेव्हा माझी रजा संपायला वीस दिवस होते. मी अंगणवाडी पर्यवेक्षिका. चिचगडच्या बाजूची जंगलातली गावं माझ्या बीटमध्ये. प्रत्येक अंगणवाडीत जायचं, मुलांची वजनं, आहार, हजेरी बघायची आणि तिथंच बसून भेट-रजिस्टरमध्ये स्वतःच्या हातानं शेरा लिहायचा. स्कूटी घसरून मोडलं ते नेमकं उजवं मनगट. साहेबांनी फोनवर सरळ सांगितलं, "मॅडम, लिहिता येत असेल तर बीट तुमचंच. नाही तर ऑफिसात बसा, बीट दुसऱ्या मॅडमकडे देतो." त्यांचं काही चुकत नव्हतं. पण ती गावं मी अकरा वर्षं बघत आले होते आणि मला ऑफिसात बसायचं नव्हतं.

मी वेळापत्रक केलं, डाव्या हातानं. सकाळी कोमट पाण्यात हात. मग चेंडू दाबणे. जेवणाआधी दहा ओळी शुद्धलेखन. भिंतीवर चिकटवलं. दोन दिवसांत कंटाळा आला, कारण ओळी वाकड्या यायच्या आणि मला त्या बघवत नव्हत्या.

शनिवारी नागपूरहून भाची आली. माझ्या भावाची मुलगी, तिथं इंजिनिअरिंगला. तिनं पर्समधून घडीचं एक छोटं यंत्र काढलं. उघडलं की वर एक पडदा, खाली एक पडदा, आणि कडेला खोचलेली पेनासारखी काडी.

"आत्या, हा गेम खेळ. यात लिहावं लागते. हाताची प्रॅक्टिस होईल, कंटाळा नाही येणार."

"मला गेम नाही समजत."

"समजायचं काय आहे? कोणत्याही वस्तूचं नाव इंग्रजीत लिही, ती वस्तू समोर येते. शिडी लिही, शिडी. बैल लिही, बैल. झाडावर, नाही तर पाण्यापलीकडे एक तारा असते. तो या बुटक्या माणसाला मिळवून द्यायचा. कसा, ते तुझ्या डोक्यानं."

कल्पना मला आवडली, ते खोटं कशाला सांगू. मी लगेच वहीच्या मागच्या पानावर उपयोगी वस्तूंची यादी केली. दोरी, शिडी, होडी, टोपली, टॉर्च.

भाची यंत्र माझ्याकडे ठेवून परत गेली, पण ते कसं चालतं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. एकाच काडीनं लिहायचं, वस्तू उचलायची आणि त्या बुटक्यालाही चालवायचं. मी शिडी उचलायला जायची आणि काडी शिडीच्या बाजूला टेकली की बुटका धावत सुटायचा, थेट पाण्यात. मी त्याला परत आणायला काडी टेकवायची तर शिडी त्याच्या डोक्यात. एका दुपारी तो नऊ वेळा बुडाला. मी मोजलं.

त्याहून वाईट लिहिण्याचं होतं. शिडीच्या इंग्रजी शब्दात डी दोनदा येतो. मी डी काढला की मशीन ओ दाखवायची. पुन्हा डी, पुन्हा ओ. हळू काढला, मोठा काढला, ओच. मग मला कळेना की चूक कोणाची. माझा हात डी काढत नाही, की मशीनला डी कळत नाही? कागदावर काढून बघितला तर तो वाकडा होता, पण डीच होता. की मला माहीत आहे म्हणून मला डी दिसतो? या एका अक्षरावर माझं बीट अडकलंय असं वाटायला लागलं. डॉक्टर म्हणाले होते, हाड जुळलं. हाडाचं मी विचारलंच नव्हतं.

दहाएक दिवसांनी, एका मंगळवारी, झाडावरचा तारा काढायचा होता. शिडी लिहिता येत नव्हती. मी विचार केला, उंच झाडावरचं आपल्याकडे कोण चढून काढतं? मोह वेचायचा तर झाडाखालचा पाचोळा आधी जाळून घेतात. खाली लख्ख झालं की पडलेलं फूल न् फूल दिसतं. मी आग लिहिली. इंग्रजीत चार अक्षरं. चारही मशीननं एका झटक्यात ओळखली, आणि मला इतका आनंद झाला की मी पुढं बघितलंच नाही. आग खोडाला लागली. झाड पेटलं, तारा गेला. मी आग उचलायला काडी टेकवली तर बुटका स्वतःच आगीत शिरला.

मी भाचीला फोन केला. "माझी चारही अक्षरं बरोबर आली. तरी हरले."

"काय लिहिलं होतं?"

मी सांगितलं. ती इतका वेळ हसली की मी फोन कानापासून लांब धरला.

"आत्या, झाडाखाली आग कायले लावली?"

"मोह वेचताना लावतात ना."

"अवं, तो मोह नाही आहे. जपानी मशीनमधलं झाड आहे ते."

मला ते पटलं आणि नाहीही पटलं. अक्षर बरोबर आणि उत्तर चूक, की उत्तर बरोबर आणि झाड चूक? वहीत काय नोंदवावं ते ठरेना.

संध्याकाळी यजमान शेतावरून आले. उन्हाळी धानाला पाणी देऊन आलेला माणूस, हातपाय धुवून चहाला बसला होता. मी यंत्र पुढं केलं. "एक डी काढा."

"काऊन?"

"काढा तर खरं."

त्यांचा हात धडधाकट, अक्षर शाळेत बक्षीस मिळालेलं. त्यांनी डी काढला. मशीननं ओ दाखवला. त्यांनी पुन्हा काढला. ओ.

"येडी आहे तुही मशीन," ते म्हणाले. "अन् तू दहा दिवस हिलेच विचारून राहिली का, मले लिहिता येते का म्हणून?"

मला बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. मशीन चुकते हे सिद्ध झालं, पण माझा हात बरा आहे हे त्यानं कुठं सिद्ध झालं? मी यंत्राची घडी करून टीव्हीच्या खणात ठेवली.

सोमवारी रुजू झाले आणि बीटमधल्या पहिल्याच अंगणवाडीत गेले. साहेबांनी सांगून ठेवलं होतं, "या भेटीचं रजिस्टर मला दाखवा." सेविकेनं ते माझ्यापुढं उघडून ठेवलं आणि मुलांना खिचडी वाढायला गेली. पाच ओळींच्या शेऱ्याला मला अर्धा तास लागला. तिसऱ्या ओळीला हात भरून आला. शेवटची ओळ उतरत उतरत खालच्या रेघेवर गेली. सही माझीच वाटत नव्हती.

सेविका हात पुसत आली. मी रजिस्टर तिच्याकडे सरकवलं आणि मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसले. ती मनात वाचत होती की अडली होती, कळेना. विचारायचा धीर झाला नाही.

मग ती उठली, बाहेर गेली आणि एक दगड घेऊन आली. वजनकाटा खाली उतरवला आणि भिंतीतला ढिला खिळा ठोकायला लागली. वजनकाट्याचा खिळा हलतो, आजच पक्का करावा, ही माझी चौथी ओळ होती.

"मॅडम, अजून वर घेऊ का?" तिनं विचारलं.

"तिथंच बरा आहे," मी म्हणाले.