झाकण नसलेला डबा

चष्मेवाल्यांनी सकाळपासून घरात शेगडी पेटवू दिली नव्हती. मूकपटांची जुनी फिल्म ठिणगी पडताच भडकते, हे त्यांच्या पत्नीला लग्नापासून पाठ होते. चहाविना बसावे लागल्याबद्दल तिने केवळ एक सुस्कारा टाकला.

हयातभर लोकांचे चष्मे दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थांनी उरलेला वेळ आणि दुकानामागची खोली मूकपटांना वाहिली होती. बंद पडलेल्या चित्रपटगृहांची अडगळ उपसून, भंगारवाल्यांच्या विनवण्या करून त्यांनी डबे जमवले. त्यांत सर्वांत मोलाची एका नावाडिणीची कथा: तीन रिळे, आणि दुसरी प्रत कोठे असल्याचे ऐकिवात नव्हते. फिल्म आक्रसल्याने यंत्रावर चढत नसे. भिंगाखाली एकेक चित्र धरून त्यांनी ती जणू वाचून काढली होती. मग धूळ व दमट हवा लागू नये म्हणून डब्यांच्या कडा त्यांनी चिकटपट्टीने घट्ट बंद केल्या.

आज संग्रहालयाच्या बाई ती रिळे प्रत काढण्यासाठी न्यायला आल्या आणि दारातच थबकल्या. खोलीत आंबूस, उग्र दर्प होता.

चष्मेवाल्यांनी पहिल्या डब्याची पट्टी सोलली. आत तपकिरी भुकटी होती. दुसऱ्यात मधासारखा चिकट लगदा. नदी, नाव, काठावरची माणसे, सारे त्यात विरघळलेले.

"काका, ही फिल्म वायू सोडते," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तो बाहेर पडला नाही, तर ती स्वतःलाच खाते."

तिसऱ्या डब्याला झाकणच नव्हते. पत्नीने ते घासूनपुसून दुधाच्या पातेल्यावर ठेवले होते. त्यावरून चष्मेवाल्यांनी आठवडाभर अबोला धरला, दुधाचा वास लागलेले झाकण परत घेण्यास साफ नकार दिला आणि डब्यावर एक रुमाल टाकून तो फळीवर सारला. या रिळावर त्यांनी केव्हाच पाणी सोडले होते. आता मात्र सारी भिस्त त्याच्यावरच होती, आणि रुमाल उचलण्याचे धैर्य त्यांना होईना.

"उचला की," पत्नी म्हणाली. "माझ्या नावाने बोटं मोडून झाली असतील, तर."

त्यांनी रुमाल उचलला. फिल्मचे टोक अलगद सुटले. भिंगाखाली पाण्यात बुडणारे वल्हे दिसले, त्यावरून निथळणाऱ्या थेंबांसकट.

मग चष्मेवाल्यांची नजर समोरच्या फळ्यांवर गेली. तेथे पट्ट्या लावलेल्या डब्यांची ओळच्या ओळ उभी होती. त्यांनी कात्री पत्नीपुढे धरली.

"तू काप. माझा हात चालत नाही."

"आणि दुधावरचं झाकण?"

"राहू दे तिथेच," ते म्हणाले, आणि पहिला डबा तिच्यासमोर ठेवला.