टॉस जिंकून आधी डिफेन्स

मंडळी, आज दुपारी इथे नोव्हाय गावात माझा मित्र संजय याच्याकडे कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलची मॅच बघत होतो. बरोबरी झाली. ओव्हरटाइममध्ये दोन्ही टीमना स्कोअर करायची एकेक पाळी मिळते. त्याचा टॉस आमच्या टीमने जिंकला आणि आधी डिफेन्स घेतला.

मी जुन्या वळणाचा क्रिकेटवाला, टॉस जिंकला की आधी बॅटिंग. म्हटलं, "टॉस जिंकून पहिली संधी समोरच्याला?"

"काका, एव्हरीबडी डझ दॅट," संजयची मुलगी म्हणाली. "त्यांचा स्कोअर बघायचा, मग आपल्याला किती हवेत ते कळतं."

ती चिप्स आणायला आत गेली, तसा संजय हळूच म्हणाला, "मीपण तेच केलं, यार."

शिकागोच्या नोकरीची ऑफर त्याच्या हातात होती. पण इथल्या कंपनीच्या ले-ऑफमध्ये आपलं काय होतंय ते आधी कळू दे, म्हणून त्याने उत्तर लांबवलं. काल सकाळी त्याला काढलं. दुपारी शिकागोला फोन केला, तर जागा भरली होती. व्हिसा कंपनीचा, त्यामुळे आता बहुतेक पुण्याला परत. मुलीला अजून सांगितलेलं नाही.

मैदानात समोरच्यांचं झालं की आपली पाळी नियमानेच येते. नोकरीत असा नियम कुठे आहे?

तुम्ही असतात तर शिकागोला लगेच हो म्हणाला असतात? मी तरी थांबलोच असतो.